मारव्याच्या वेळचं जेवण

दिवाळीच्या पाडव्याला मी दरवर्षी एक काम करते. वर्षभरात ऐकलेल्या मैफलींतल्या आवडत्या पाच निवडून वहीत लिहिते. यंदा, म्हणजे शहात्तर साली, पहिल्या नंबरावर जी मैफल लिहिली ती मी सभागृहाच्या मागच्या पायरीवर बसून ऐकली. पुढच्या रांगेत बसायचं सोडून. मी शिकवते त्या शाळेतल्या बायकांना सांगितलं तर म्हणाल्या, त्रिशला, तुझं डोकं फिरलंय. फिरलं तर फिरलं.

आमचं घर राजारामपुरीत. आमचे हे फाउंड्रीत, कायम दुसरी पाळी. सुनेनं संध्याकाळी एकटीनं गाण्याला जायचं नाही, असा घरचा कायदा. मग मला कोण नेणार? सासरे. त्यांना सगळे नेमिनाथ आण्णा म्हणतात, मी मामंजी म्हणते. कळंब्याला आमचा मळा आहे. दिवसभर तिथं राबून, साडेचारला गडी गेले की हा माणूस सायकल हाणत घरी यायचा, हातपाय धुऊन धोतर बदलायचा, टोपी घालायचा आणि म्हणायचा, "चल. पुढची जागा जाईल."

आम्ही जैन. दिवस मावळला की आमच्या घरात कुणी अन्नाला शिवत नाही. मी शाळेतून आले की चारलाच जेवून घ्यायची. मामंजींना विचारलं की उत्तर ठरलेलं, "मळ्यावर झालं की माझं."

आणि तिथं जाऊन काय करायचे? डुलक्या काढायचे! जानेवारीत मिरजेचे सतारिये आले होते. शेवटचा द्रुत झाला असा रंगला होता की अंगावर काटा यावा, आणि शेजारी मामंजींची मान छातीवर. बेळगावच्या सारंगीला तेच. श्रावणात एक कोवळा गवई भर तानेत अडखळला आणि हसून पुन्हा तिथूनच उचलून गायला, सगळं सभागृह त्याच्यासाठी हळहळलं, तेव्हाही मामंजी झोपलेले. माझा स्वभाव तापट. बसमध्ये मी त्यांना सुनवायची, "झोपायचंच असलं तर घरी झोपा की. चारचौघांत मला लाज वाटते." ते नुसतं हसायचे. त्याचा मला जास्त राग यायचा.

ऑक्टोबरात धारवाडच्या बाईंचं गाणं ठरलं. सुरुवातीलाच मारवा गाणार असं कळलं होतं. त्यांचा मारवा ऐकायचा म्हणून मी तीन वर्षं वाट बघत होते. मारवा दिवस मावळतानाचा राग, त्यामुळं मैफल साडेपाचची. रविवार होता. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोजच्यासारख्या दुपारी मंदिरात प्रवचनाला निघाल्या. त्या तिकडून दिवेलागणीलाच यायच्या. जाता जाता म्हणाल्या, "आज ह्यांना नीट वाढ बाई. तुझ्याबरोबर घाईत जेवतात आणि मग रात्रभर पोटात कालवतंय म्हणतात."

मी म्हटलं, "मी कुठं वाढते? ते मळ्यावर जेवून येतात."

"मळ्यावर?" आत्याबाई उंबऱ्यातच थांबल्या. "मळ्यावर चूल कुठं हाय? दुपारची भाकरी तेवढी जाती. मला तर सांगतात, त्रिशलानं वाढलं की."

आत्याबाई मला विचारायच्या नाहीत, मी त्यांना विचारायची नाही, आणि हा माणूस दोघींच्या मधून उपाशी निघून जायचा. परत आल्यावर अंधार, म्हणजे जेवणाचा प्रश्नच नाही. मी बोटं मोजली. वर्षात नऊ मैफली. बारा वाजता खाल्लेल्या दोन भाकरींवर मळा, सायकल आणि माझं गाणं. त्या डुलक्या नव्हत्या, ती भूक होती. आणि मी त्यांना बसमध्ये लाज वाटते म्हणाले होते.

पावणेपाचला ते आले. मी पदर खोचून दारातच उभी होते.

"आज जायचं नाही."

"का? धारवाडची बाई हाय की आज."

"नऊ वेळा उपाशी बसलात. मला एका शब्दानं सांगितलं नाही. मी काय परकी आहे?"

ते ओट्यावर टेकले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आंघोळ, णमोकार, जेवण. तासभर जातोय गं. तोवर बस जाती, जागा जाती. डबा घेऊन गेलो तर लोकं म्हणतील, म्हातारा सहलीला आलाय."

"मग मला नको म्हणायचं."

"एकदा म्हटलतं की नको." ते खाली बघून बोलत होते. "लग्न होऊन आलतीस तवा तंबोरा आणलतास. मीच म्हटलं, आमच्या घरात बायका गात न्हाईत. माळ्यावर ठेवला. तू एक शब्द बोलली न्हाईस. तुझं तोंड बघून मला जे वाटलं ते अजून वाटतंय. ते कसं भरून काढू? मला गाण्यातलं काय कळतंय? नेऊन आणणं तेवढं जमतंय."

अकरा वर्षं मला वाटत होतं की तो तंबोरा घरात कुणाच्या लक्षातही नाही. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी म्हटलं, "आंघोळ करा. मी डबा भरते. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू द्या."

पोचलो तेव्हा सहाला दहा कमी होते. सभागृहाच्या मागं नळ होता, शेजारी चार पायऱ्या. मामंजींनी हात धुतले, डोळे मिटून णमोकार मंत्र म्हटला. मी रुमाल पसरून भाकरी, मुगाची उसळ आणि दही वाढलं. मैफल उशिरा सुरू होत होती; तेवढ्यात वरच्या खिडकीतून तंबोरे ऐकू आले.

"तू जा आत," ते म्हणाले. "सुरू झालं बघ."

"गप जेवा."

"अगं, तीन वर्षं..."

"दिवस मावळतोय. जेवा म्हटलं ना."

बाईंनी मारव्याचा पहिला स्वर लावला. खिडकीतून येत होता म्हणून थोडा लांबचा, पण स्वच्छ. समोरच्या भिंतीवरचं ऊन वर वर सरकत होतं. मी एक डोळा उन्हावर आणि एक ताटावर ठेवून बसले होते. बाई घाई करत नव्हत्या. मामंजी घाई करायला लागले की मी म्हणायची, सावकाश. ऊन भिंतीवरून गेलं त्याच्या आधी त्यांनी वरून पाणी प्यायलं आणि तोंड पुसलं.

मी डबा आवरला. "चला आता आत."

ते उठले नाहीत. खिडकीकडं मान करून बसले होते, डोळे टक्क उघडे. म्हणाले, "हे असं असतंय व्हय?"

मारवा संपेपर्यंत आम्ही तिथंच बसलो.

पाडव्याला वही लिहून झाल्यावर मी ह्यांना ओवाळलं, मग मामंजींना ओवाळायला बसले. दरवर्षी ते ताटात पाच रुपये टाकतात. यंदा कागदाची एक पुडी ठेवली. उघडली तर तंबोऱ्याच्या तारा, चारही. वर मिरजेच्या दुकानाचा शिक्का. मळा सोडून कधी गेले होते कुणास ठाऊक. मी मागं बघितलं. तंबोरा माळ्यावरून उतरवून, पुसून, कोपऱ्यात उभा केला होता.

निरांजन हातात तसंच धरून मी रडायला लागले.

"रडतीस कशाला," मामंजी म्हणाले. "आज संध्याकाळी बसणार असशील तर आत्ताच सांग. मी चारलाच जेवून घेतो."