चुंबक न चिकटणारं हाड

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबांनी एक्स-रेची फिल्म दिव्यासमोर धरली आणि सगळ्यांच्या माना वर झाल्या. कमरेचं डावं हाड चांदीसारखं लखलखत होतं.

"या हाडातल्या गाठीपुढे डॉक्टरांनी हात टेकले होते," बाबा म्हणाले. "आम्ही फक्त हात ठेवला. हाड नव्यानं उगवलं. बघा, तेजाचे किरण फुटताहेत."

मागच्या रांगेतल्या फिल्मबाईंनी चष्मा पुसला. ओल्या फिल्मा अंधाऱ्या खोलीत चिमट्यांना टांगून वाळवायच्या, त्या काळापासून चाळीस वर्षं त्यांनी इस्पितळात एक्स-रे काढले होते. कोपऱ्यात नंबर आणि तारीख नसली, तर विभागाच्या मोठ्या बाई फिल्म अंगावर भिरकावत. या फिल्मचा तो कोपरा कात्रीनं कापलेला होता. एवढ्या तेजस्वी माणसाला तारखेची कसली अडचण, त्यांना कळेना. किरणांना मात्र स्क्रूसारखे घट्ट आटे होते.

एरवी त्या गप्प बसल्या असत्या. पण शेजारी बेकरीवाला होता. त्याच्या सोळा वर्षांच्या मुलीच्या कमरेच्या हाडात तशीच गाठ होती. सोमवारचं ऑपरेशन आता रद्द करतो, असं त्यानं नुकतंच सांगितलं होतं.

ज्यांची ती फिल्म होती, त्या शिवणवाल्या काकूंना बाबांनी साक्षीला बोलावलं. त्या हळूहळू चालत आल्या, टाळ्या पडल्या. कुणी शंका काढायच्या आत बाबांनी भलंमोठं लोहचुंबक त्यांच्या कमरेवरून फिरवलं. ते कुठेच चिकटलं नाही. धातू असता तर चिकटला नसता का, असं बाबांनी विचारलं आणि सभा भक्तीनं विरघळली.

फिल्मबाई उठल्या. गुडघे कुरकुरले, जीभ ठणठणीत होती.

"बाबा, तेच चुंबक जरा तुमच्या सोन्याच्या अंगठीला लावा."

बाबांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. पुढच्या रांगेतल्या लोहारानं उठून लावलं. चिकटलं नाही.

"मग तीही हाडाचीच म्हणायची का?"

हशा ओसरल्यावर फिल्मबाईंनी समजावलं. चुंबक लोखंड धरतं. सोनं, पितळ, टायटॅनियम यांच्याकडे ते ढुंकूनही बघत नाही. डॉक्टर गाठीसकट हाड काढतात, रुग्णाच्या मापाचा टायटॅनियमचा तुकडा स्क्रूंनी बसवतात. फिल्मवर धातू असा पांढराशुभ्र उमटतो.

"अकरा तास लागले त्यांना," काकू खाली बघत म्हणाल्या. "मी कुणाला बोलले नाही. असल्या दुखण्याच्या घरी लोक कपडे शिवायला टाकत नाहीत. फिल्म बाबांना नुसती दाखवायला आणली, ती त्यांनी ठेवूनच घेतली."

बेकरीवाल्यानं एवढंच विचारलं, "माझी पोर चालेल का?"

"ते डॉक्टरांना विचारा, दादा. मी सहा महिने कुबड्यांवर होते, अजून पाय ओढते. फार दुखलं. पण गाठ कुणासाठी थांबत नाही."

एव्हाना बाबा मागच्या दारानं अंतर्धान पावले होते. त्यांचा तेवढा एकच चमत्कार खरा निघाला.

फिल्मबाईंनी लोकांना इतकंच सांगितलं: नवल जरूर बघा, पण कुणी केलं, कसं केलं, हे विचारल्याशिवाय मान डोलावू नका. अकरा तास उभं राहून राबणाऱ्यांचं श्रेय हात फिरवणाऱ्याला देऊ नका.

बेकरीवाला हे ऐकायला थांबला नव्हता. जिन्यात उभा राहून तो इस्पितळाला फोनवर विचारत होता, सोमवारी मुलीला किती वाजता उपाशीपोटी आणायचं.