सात फुटी आयव्हरचं माप

मी एक जुनी पोलादी मोजपट्टी आहे आणि मित्रांनो, गुंडाळून स्वस्थ पडून राहणं मला आयुष्यात कधी जमलं नाही.

ओहायोतल्या एका कारखान्यात माझ्या अंगावर फूट-इंचांचे आकडे उमटले. मग मला कातड्याचं गोल घर मिळालं आणि गुंडाळायला पितळेची छोटी दांडी. मला वाटलं होतं, एखाद्या सुताराकडे जाईन. पण मला विकत घेतलं हार्लन वेसेलीने. बास्केटबॉलच्या एका व्यावसायिक संघासाठी कॉलेजातले खेळाडू हेरणं हे त्याचं काम. त्यातही बास्केटखाली खेळणारे धिप्पाड गडी पारखावेत तर हार्लननेच, असं सगळे म्हणत.

आमचा पाय कधी एका गावात ठरला नाही. आज मिनेसोटा, उद्या नेब्रास्का. गाडी चालवताना, सामना बघताना हार्लनचा अंगठा खिशात माझी दांडी फिरवत राहायचा. कॉलेजवाले आपल्या खेळाडूची उंची बुटांसकट आणि केसांसकट सांगत. मग हार्लन मला बाहेर काढी, आणि कागदावरचा सात फुटी मुलगा नुसत्या मोज्यांवर सहा फूट दहा इंच निघे. पट्टीचं माप आलं की वाद संपायचा. मला त्याचा केवढा अभिमान होता!

हार्लन मात्र एवढ्यावर समाधान मानत नसे. "उंची आईबापांकडून येते," तो म्हणायचा. "गड्याची कंबर वळते का, हात मऊ आहेत का, चेंडू हुकल्यावर तो जिवाच्या आकांताने मागे पळतो का, ते बघायचं."

एका फेब्रुवारीत आम्ही साउथ डकोटातल्या एका लहान कॉलेजात गेलो. तिथे आयव्हर टॉल्फसन नावाचा मुलगा होता. एवढा उंच, आणि पावलं नाचऱ्यासारखी हलकी! मोठमोठे संघ त्याच्या मागे लागले होते. सराव बघताना हार्लनचा अंगठा मात्र फारच अस्वस्थ झाला. बास्केट केल्यावर आयव्हर चेंडूकडे बघत नव्हता, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

सराव संपला, बाकीचे गेले. हार्लनने त्याला भिंतीला टेकून उभं केलं. आजवर मी पाहिलेला प्रत्येक मुलगा हळूच टाचा उचलायचा. या मुलाने गुडघे वाकवले.

"अरे, तुझं हे उलटंच काय?" हार्लन हसला. "सरळ उभा राहा की!"

आयव्हर ताठ झाला. सात फूट एक इंच, तेही मोज्यांवर. पसरलेले हात तर त्याहून लांब. हार्लनने शीळ घातली.

"सर, एक मागू?" आयव्हर खालच्या आवाजात म्हणाला. "मी संघात चालणार नाही असं कळवा ना. गुडघे कच्चे आहेत म्हणा, काहीही म्हणा."

"गुडघे उत्तम आहेत तुझे."

"माहितीय मला! पण तुम्ही नापास केलंत तर बाबा मुकाट ऐकतील. माझ्याच्यानं त्यांना सांगवत नाही."

"तुला खेळायचं नाहीये?"

आयव्हरच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं, सर."

हार्लनने मला गुंडाळलं, उलगडलं, पुन्हा गुंडाळलं. "मी खोटं कळवणार नाही," तो शेवटी म्हणाला. "पण तू सांगताना मी तुझ्याजवळ थांबतो."

आयव्हरचे वडील लाइल बाहेरच्या दालनात बाकावर बसून सँडविच खात होते. आयव्हरने त्यांच्यापुढे उभं राहून एका दमात सगळं सांगून टाकलं. लाइलच्या हातातलं सँडविच तसंच राहिलं.

"बारा वर्षांचा होतास तेव्हापासून तुला गाडीत घालून गावोगाव फिरवतोय मी!"

"तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, बाबा."

"आणि तू तरी कधी बोललास?"

लाइल उठले आणि दार ढकलून बर्फात निघून गेले. आयव्हर मटकन बाकावर बसला. हार्लन त्याच्या शेजारी उभा राहिला. फार वेळाने दार उघडलं. लाइलच्या खांद्यांवर बर्फ होता.

"गाडी गरम करत ठेवलीय," ते मुलाकडे न बघता म्हणाले. "टोपी घाल."

त्या संध्याकाळी हार्लनने संघाच्या व्यवस्थापक कोरीन सॉडर यांना फोन लावला आणि खरी मापं सांगितली.

"मग अडचण काय आहे, हार्लन?"

"त्याला खेळायचं नाही. तुम्हीच विचारा त्याला."

"असला मुलगा दहा वर्षांत एकदा मिळतो! समजूत घालायची सोडून तू..." बाई फार रागावल्या.

आयव्हरने व्यावसायिक संघांच्या निवडीतून आपलं नाव मागे घेतलं आणि उन्हाळ्यात संघाने हार्लनला नारळ दिला. पुढे मापं घ्यायला यंत्रं आली. आयव्हर गुरांचा डॉक्टर झाला. एकदा त्या बाजूने जाताना आम्ही त्याला भेटलो. तो गोठ्यात एका गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून अडलेलं वासरू ओढत होता, आणि तिला चुचकारत गात होता. परतताना हार्लन गाडीत पुटपुटला, "पण काय खेळला असता रे!" आणि मैलोन्‌मैल माझी दांडी फिरवत राहिला.

आता हार्लन नाही. त्याच्या मुलीच्या स्वयंपाकघरातल्या खणात मी जुन्या बॅटऱ्यांशेजारी पडून आहे. गंज चढतोय. कुणी खण उघडला की मी उगाच सळसळते.

मित्रांनो, माझ्यासारखं एखादं हत्यार घरात असेल तर त्याला अधूनमधून तेलाचं बोट लावा. आणि तुमच्या वर्गात एखादं खूप उंच मूल असेल, तर त्याची उंची विचारण्याआधी त्याला काय आवडतं ते विचारा. त्याने उत्तर द्यायला वेळ लावला, तर थांबा.