वेरुतेच्या वाटचा घोट

लिउदास म्हातारा मुलखाचा हट्टी. अशा माणसाच्या वाट्याला दुःख आलं की तेही त्याच्यासारखंच हटून बसतं. ऑगस्टमधली उतरती दुपार होती. भाची मिल्दाने कोठारात थाटलेल्या छोट्या भट्टीत राय धान्याची, मध घातलेली बिअर तयार झाली होती आणि ती चाखायला तिने मामाला दंडाला धरून आणलं होतं. पण बाकावर शेजारचा तेओफिलिस बसलेला दिसला आणि मामा दारातच अडला.

"हा असेल तर मी चाललो."

"मध त्याचाच आहे, मामा. त्यालाच बोलवायचं नाही, असं कुठे असतं का? बसा गुपचूप."

"म्हणे त्याचा!" लिउदास फणकारला. पण बसला.

त्याची बायको वेरुते वसंतात गेली. त्यांच्या भागात घरातलं माणूस गेलं की मधमाश्यांच्या पेट्यांवर टकटक करून त्यांना तसं सांगावं लागतं, नाहीतर माश्या रुसतात. लिउदासच्या तोंडून ते शब्द फुटेनात. आज सांगू, उद्या सांगू करताकरता मे संपत आला, आणि एका सकाळी सगळ्या माश्या उठून कुंपणापलीकडे तेओफिलिसच्या झाडावर जाऊन बसल्या. खरं तर आपल्या माश्या ज्याच्या घरी जातात, तो तिकडे सख्ख्या भावासारखा. लिउदासने मात्र त्या दिवसापासून शेजाऱ्याशी बोलणंच टाकलं. बायको गेली, तिच्या माश्या गेल्या, आणि राग काढायला हा एवढाच माणूस हाताशी होता.

मिल्दाने लाकडी पेला भरला. पेला एकच, तिकडे बिअर अशीच पितात. आपण प्यायचं, पेला पुन्हा भरून घ्यायचा आणि पुढच्याचं नाव घेऊन त्याच्या हाती द्यायचा. ज्याचं नाव घेतलं तो प्यायल्याशिवाय पेला खाली टेकवायचा नाही.

तिने स्वतः चव घेतली, पेला भरला. "मामा, तुम्हाला!"

लिउदासने डोळे मिटून घोट घेतला. आधी राय लागली, काळ्या पावाच्या करपलेल्या कडेसारखी. मध मागून आला, सावकाश. गोडी थोडीच होती, वासच जास्त. फळ्यांच्या फटींतून आलेलं ऊन त्याच्या पापण्यांवर पडलं होतं. कुठेतरी माश्या गुणगुणत होत्या, की वेरुते गुणगुणत होती? ती तर तिथेच होती, लिंडनच्या झाडाच्या फुलोऱ्याखाली, तोंडावर जाळी न घेता, हातावरची माशी फुंकरीने उडवत. लिउदासला घाई नव्हती. त्याने दुसरा घोट घेतला. ती त्याच्याकडे वळून हसली. "एकटाच ढोसतोस काय रे? माझ्यासाठी ठेव की!"

त्याला इतकं बरं वाटलं. त्याने डोळे न उघडताच पेला भरून घेतला आणि आयुष्यभराच्या सवयीने पुढे केला.

"घे वेरुते, तुला."

पेला तसाच हवेत राहिला. पाव कापणारा मिल्दाचा हात थांबला. लिउदासने डोळे उघडले. समोर कुणी नव्हतं.

"ती नाहीये," तो म्हणाला. मग जरा मोठ्याने, "वेरुते गेली." आणि तो हमसून हमसून रडायला लागला. इतक्या महिन्यांचं सगळं एकदम बाहेर आलं.

मिल्दा पेला काढून घ्यायला पुढे झाली. तेओफिलिसने तिला अडवलं.

"राहू दे पोरी. नाव घेतलंय त्याने. ती प्यायल्याशिवाय पेला खाली ठेवायचा कसा?" मग तो लिउदासला म्हणाला, "चल बाहेर. मातीत ओत. तिथेच आहे ती."

तिघं कोठाराबाहेर आले. लिउदासने गवतात बिअर ओतली. फेस पात्यांवर थबकला आणि हळूहळू खाली मुरू लागला. तिघंही थांबून राहिले.

"पहिल्यापासून अशीच," लिउदास नाक पुसत म्हणाला. "घोटभर प्यायला तासभर लावते."

तेओफिलिस हसला. त्याचेही डोळे ओले होते.

फेस जिरला तसा मिल्दाने पेला भरून मामाच्या हातात दिला. "आता मामींनी कुणाचं तरी नाव घ्यायचंय. त्यांच्या वतीने तुम्हीच घ्या."

लिउदासने ओल्या मातीकडे पाहिलं. मग त्याने दोन्ही हातांनी पेला शेजाऱ्यापुढे धरला.

"तेओफिलिस," तो म्हणाला, "वेरुते तुला देतेय."