सुपडीचं दुसरं नाव

"आप्पा, करा ना सही. तुमना हात काबरं थांबना?"

सुपडीने नाव बदलायच्या अर्जाचा कागद बापासमोर धरला होता. दिवाळीची सुट्टी संपत आली होती. आई गोधड्या घेऊन गिरणा नदीवर धुवायला गेली होती आणि ती परतायच्या आत हे उरकायचं होतं.

अभिमन पाटलाने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. भडगावच्या पोस्टात अठरा वर्षं तो टपाल वाटत होता. नावं हाच त्याचा धंदा. त्याच्या वाट्याच्या गल्ल्यांमध्ये नऊ सुपडू होते. एक गवंडी, एक तेली, दोन तर सख्खे शेजारी. पण एकाचं पत्र दुसऱ्याच्या घरात कधी पडलं नाही. आणि हे नाव कुठून येतं तेही त्याला ठाऊक होतं. घरात मुलं जगत नसली की पुढचं मूल जन्मताच सुपात घालायचं, सूप उंबऱ्याबाहेर ठेवायचं आणि शेजारणीने ते उचलून आईच्या ओटीत द्यायचं. देवाला वाटावं, हे टाकून दिलेलं पोर आहे, हे कशाला न्या! त्यामुळे कुठल्याही सुपडूच्या दारात उभं राहिलं की त्याला वाटे, ह्याच्याआधी ह्या घरातून कोण कोण गेलं असेल. ते नऊही जण आता चाळिशीपुढचे होते. अलीकडे बारशाच्या पत्रिकांत सगळे योगेश आणि सचिन.

मुलीसाठी मात्र एवढा खटाटोप कोणी करत नसे. त्याच्या माहितीत सुपडी एकच होती, त्याची. तानुबाईने तीन लेकरं मातीआड केली होती. चौथी मुलगी झाली तेव्हा बाळंतिणीच्या अंगात उठायचं बळ नव्हतं, तरी सूप तिने स्वतःच्या हाताने उंबऱ्याबाहेर सरकवलं होतं.

"तुले काय तरास शे त्या नावना?" त्याने विचारलं.

सुपडी धुळ्याला डी.एड.ला होती, वसतिगृहात राहत होती. ती खाली बघत म्हणाली, "हजेरीले मन्हं नाव उनं का बठ्ठ्या पोरी हातवर धान्य पाखडतस, आप्पा. उद्या मी शाळामा बाई व्हसू. मंग पोरंबी तेच करतीन."

अठरा पूर्ण व्हायला तिला चार महिने कमी होते, म्हणून बापाची सही लागत होती. अभिमनने सही केली. नवं नाव तिनेच निवडलं होतं. सुप्रिया.

"मायले आते काही सांगू नको," तो म्हणाला. "मी सांगसू मंग."

तो सांगणार होता, अगदी खरंच सांगणार होता. पण नाव बदलल्याचा सरकारी कागद टपालाने आला, तो त्यानेच घरी आणला आणि पेटीत कपड्यांच्या तळाशी ठेवला. सुपडीची आंतरदेशीय पत्रं यायची. तानुबाईला वाचता येत नव्हतं. तो मोठ्याने वाचून दाखवी. शेवटी 'तुमची सुप्रिया' असं लिहिलेलं असे. अभिमन वाचे, "तुमनी सुपडी."

फेब्रुवारीत खात्याच्या प्रशिक्षणासाठी तो आठवडाभर जळगावला गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता त्याला फोनवर बोलावलं. भडगावहून पोस्टमास्तर बोलत होते. मुलगी तापाने फणफणली आहे, वसतिगृहाच्या बाईंनी तिला धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात भरती केलं आहे. "वहिनींना सकाळच्याच गाडीत बसवून दिलं, पाटील. तुम्ही थेट निघा."

धुळ्याची गाडी एरंडोलला थांबली, पारोळ्याला थांबली. पारोळ्याला कंडक्टर चहा प्यायला उतरला तेव्हा अभिमनला एकदम आठवलं. तानुबाई तिथे कोणाला विचारणार? कोणत्या नावाने?

तो पोचला तेव्हा पाच वाजत आले होते. लांबलचक व्हरांड्यात, एका बंद दारासमोरच्या बाकावर तानुबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. त्याला बघून ती उठली. चेहऱ्यावर चक्क हसू होतं.

"उगा घाबरनूत आपन," ती म्हणाली. "आपली सुपडी आठे नई शे. त्या खिडकीवरना भाऊनी बठ्ठी यादी देखी. पाटील सात शेत, पन सुपडी कोनीच नई. मी बायास्ना वार्डमा खाटखाट फिरी उनू. दुसरीच कोनी पोर व्हई. तुमनीच वाट देखत व्हती."

अभिमन तिच्या खांद्यावरून नावनोंदणीच्या खिडकीकडे बघत होता.

"आठे मांगे एक पोर शे," तिने बंद दाराकडे बोट केलं. "लई जास्त शे म्हनतस, कोनले आत जाऊ देत नई. दुपारले माय माय करे. घसा पार बशी गयथा बिचारीना. कोनी उनंच नई तिनं. मी आठूनच देवले हात जोडात."

तो खिडकीपाशी गेला. 

"सुप्रिया पाटील," तो म्हणाला. "वसतिगृहातून आणलेली."

कारकुनाने रजिस्टरवरून मान वर केली. चांगला माणूस होता. सकाळी त्यानेच तानुबाईला दोनदा यादी वाचून दाखवली होती, पण तिने विचारलं होतं फक्त सुपडीबद्दल. "तुम्ही कोण तिचे?"

"वडील."

"अहो, कुठे होता? वसतिगृहाच्या बाई तुमच्याकडे पुन्हा फोन लावायला गेल्यात." त्याने खुर्ची मागे सारली. उभा राहिला. "सव्वातीनला गेली ती. मलेरिया मेंदूत चढला होता."

मागे तानुबाई येऊन उभी होती. ती एकदा कारकुनाकडे, एकदा नवऱ्याकडे बघत राहिली. "कोन सुप्रिया?" तिने विचारलं.

अभिमनने सांगितलं. व्हरांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत उभा राहून सगळं सांगितलं. कागद, सही, पत्रं. ती ओरडेल, कपाळ बडवून घेईल, आपल्याला चारचौघांत शिव्या देईल, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मी बाकवर बशेल व्हती," ती एवढंच म्हणाली. "ती माले हाक मारे, आन मी बाकवर बशेल व्हती."

बंद दार उघडलं. नर्सने चेहऱ्यावरची चादर बाजूला केली. तानुबाई लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारत राहिली, वेणी घालायच्या आधी सारतात तसे. अभिमन दारातच थांबला. आत पाऊल टाकायचा आपल्याला हक्क नाही, असं त्याला वाटत होतं.

थोड्या वेळाने कारकून कागद घेऊन आला. आवाज खाली आणून म्हणाला, "दाखल्यावर नाव नीट लागेल. घरचं नाव वेगळं आहे म्हणता, तर कोणतं लिहू?"

अभिमनच्या डोळ्यांसमोर ते सूप आलं. नावाला हात लावायला नको होता. तो घाईने म्हणाला, "सुपडी लिहा. सुपडी अभिमन पाटील."

"नई," तानुबाई म्हणाली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "तिले आवडे तेच लिखा. तिनी हौस व्हती."

कारकुनाने लिहिलं आणि तो निघून गेला.

वसतिगृहाच्या बाईंनी जीप ठरवली. सुपडीला मागे ठेवलं आणि तानुबाई तिच्या डोक्याशी खाली बसली. अभिमन तिच्या समोर, गुडघे पोटाशी घेऊन. जीप गावाबाहेर पडली, कपाशीची रिकामी रानं मागे पडू लागली. तानुबाईने मान वर केली.

"काय नाव शे ते? आखो एकदा सांगा."

"सुप्रिया."

तिने ओठ हलवून बघितले. जोडाक्षर जिभेवर बसत नव्हतं. मग ती वाकली, लेकीच्या कानाशी तोंड नेलं आणि बारशाला म्हणतात तसं हळूच म्हणाली, "सुपरिया."

अभिमनने ते दुरुस्त केलं नाही.