दोरीवरचा पाचवा पुठ्ठा

मी पाचव्या नंबरचा पुठ्ठा बोलतोय. पुठ्ठ्याला कसलं आलंय आयुष्य, असं म्हणून पान उलटू नका. माझं बोलणं फार लांबायचं नाही.

आष्ट्याजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत दुसरीच्या वर्गाला उमाबाई शिकवतात. त्या रोज सांगलीहून एस.टी.नं येतात. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी वह्यांचं रिकामं खोकं कापलं आणि आम्हा पाच भावंडांना जन्माला घातलं. एकेकावर एकेक चित्र. गोष्टही त्यांचीच, ‘पप्पांची सुट्टी’. पहिल्या पुठ्ठ्यावर फौजी पप्पा एस.टी.तून उतरतात. दुसऱ्यावर घरातले सगळे मटणाच्या रश्श्यावर ताव मारतात. तिसऱ्यावर पप्पा उसाला पाणी पाजतात. चौथ्यावर लेकीला खांद्यावर घेऊन जत्रेत फिरतात. आणि माझ्यावर? माझ्यावर पप्पा परत एस.टी.त चढतायत.

बाई गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवतात. कंडक्टरचा आवाज काढला की पोरं खिदळतात. मग बाई विचारतात, “आता सांगा, आधी काय झालं? मग काय झालं? शेवटी काय झालं?” पोरं एकेक करून उठायची आणि आम्हाला क्रमानं दोरीवर चिमट्यांनी लावायची. पहिल्या चौघांसाठी नुसती झुंबड! माझी पाळी आली की सगळी खाली बघत बसायची. या गावात एकाआड एका घरात फौजी आहे हो. बाईंना वाटलं, पोरांच्या ओळखीची गोष्ट आहे, पटकन क्रम लागेल. क्रम लागला, पण मला हात लावायला कुणी तयार होईना. शेवटी बाईच मला चिमटा लावायच्या. मला फार वाईट वाटायचं.

वर्गात शिवांजली नावाची मुलगी आहे. तिचे वडील मानसिंग फौजेत. ते सुट्टीवर येणार, असा फोन आला आणि दुसऱ्याच दिवशी, मधल्या सुट्टीत, तिनं मला दोरीवरून काढून दप्तरात घातलं. घरी गेल्यावर आईच्या साड्यांखाली मला दडवलं.

“तू हितंच ऱ्हा,” ती म्हणाली. “तू नसलास की पप्पा जायाचं न्हाईत.”

घ्या! बाईंनी शिकवलेला धडा पोरीला जरा जास्तच पक्का समजला होता. शेवटचा पुठ्ठा काढला की गोष्ट घरातच थांबते, एवढा सरळ हिशोब.

साड्यांखाली मला अजिबात करमेना. एकटा मी म्हणजे एस.टी.त चढणारा कुणीतरी माणूस. कुठून आला, कुणाला सोडून चालला, काही कळायचं नाही. भावंडांची इतकी आठवण यायची! पण मानसिंग आले आणि घर हसायला लागलं. शिवांजलीचं तर दिवसभर “पप्पा, ह्ये बघा, पप्पा, त्ये बघा” चालायचं. मग मीच मनाशी म्हटलं, राहतो बाबा इथंच. खरंच उपयोग होत असेल तर कायमचा राहतो.

महिन्यानं एका सकाळी उंबऱ्यात बूट वाजले.

“येतो गं. रडायचं न्हाई. फौजीची लेक हायस तू,” मानसिंग म्हणाले.

ती रडली नाही. पळत आली आणि मला बाहेर ओढून डोळ्यांसमोर धरलं.

“तू हितंच हुतास की! मग पप्पा गेलं कसं?”

शरमेनं मेल्याहून मेलो.

त्याच दिवशी तिनं मला बाईंच्या टेबलावर आणून ठेवलं. “बाई, म्याच न्हेला हुता,” म्हणाली आणि का नेला तेही सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. मग त्यांनी गोष्ट पहिल्यापासून वाचली. कंडक्टरचा आवाज मात्र काढला नाही. “शेवटी काय झालं?” विचारल्यावर शिवांजली उठली, स्टुलावर चढली आणि तिनं मला चिमटा लावला. मला आपणहून दोरीवर लावणारी ती पहिलीच.

मग उरलेल्या दोरीकडं बघत तिनं विचारलं, “बाई, ह्याच्या फुडचा पुठ्ठा कुठाय?”

“काढते हं उद्या. पप्पा परत येतात, असं काढते.”

“उद्या नगो. पप्पा खरंच आलं की काढा.”

बाईंनी खोक्याचा उरलेला तुकडा कापला आणि कोराच माझ्याशेजारी लावला.

आता शाळेला सुट्टी लागलीय, वर्गाला कुलूप आहे. डावीकडं माझी चार भावंडं आपसात जत्रेच्या आणि रश्श्याच्या गप्पा मारतात. उजवीकडचा तो कोरा काही केल्या बोलत नाही. मी त्याला रोज हाक मारतो. कधीकधी भीती वाटते, हा असाच राहिला तर? मग रस्त्यावर गाडी थांबली की मी कान देऊन ऐकत बसतो.

तुम्ही कधी सांगली-आष्टा गाडीनं आलात आणि शेजारी कुणी फौजी बसला, तर एवढं करा. स्टँडवर उतरल्यावर त्याला चहाचा आग्रह करू नका. सरळ घरी जाऊ द्या.