शेपटीवाचून पोहणारा मासा

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. काचेच्या टाकीत पाकट मासा फिरत होता, ताटासारखा चपटा आणि मागे चाबकासारखी बारीक शेपटी. मंत्रानं आजार बरे करणाऱ्या बुवांनी बाही सारली आणि सुरीनं खसकन ती शेपटी कापली.

"मासा शेपटीनं पोहतो, हे शेंबडं पोरही सांगेल! म्हणजे हा आता तळाशी जायला हवा. पण माझा मंत्र त्याला जाऊ देईल का?"

मासा पाण्यात लाल रेघ सोडत पहिल्यासारखाच पोहू लागला. चमत्कार तिथे नमस्कार! टाळ्यांनी छत दणाणलं.

"हा शेपटीवाचून पोहतो, तर तुमची लेकरं गोळ्यांवाचून नाही जगणार? फेका ती विषं!"

गर्दीत बसलेल्या एका शिंप्याच्या मांडीवर त्याची बारकी लेक होती. तिला फिट यायच्या, गोळ्यांनी त्या आवरल्या होत्या. पण गोळ्यांनी पोर दिवसभर पेंगायची, ते बापाला बघवत नव्हतं.

बारकी त्याच्या कानाशी लागली. "बाबा, तो शेपटीनं पोहतच नव्हता. कडा बघा ना, माझ्या फ्रॉकच्या झालरीसारख्या हलतात."

"गप्प बस. मोठ्यांना अक्कल शिकवू नकोस."

घरी आल्यावर त्यानं गोळ्या बंद केल्या, नवी बाटली उघडलीच नाही. काही दिवसांतच एका सकाळी फिट आली, ती थांबलीच नाही. दवाखाना गाठेपर्यंत बारकी गेली होती.

तिच्या वर्गाच्या बाई भेटायला आल्या, तेव्हा शिंप्यानं एवढंच विचारलं, "बाई, तो मासा पोहला कसा?"

"पाकटाचे पंखांसारखे पर दोन्ही बाजूंना पसरलेले असतात. त्यांच्या कडेवरून लाट पुढून मागे जाते, पाणी मागे ढकलते आणि मासा पुढे सरकतो. त्याची शेपटी बचावासाठी असते, पोहायला ती लागतच नाही."

"ती हेच सांगत होती हो," म्हणून शिंपी ढसाढसा रडला.

पुढच्या सभेत बुवांनी सुरी उचलली, तसा शिंपी उठून टाकीपाशी गेला. मशीनवर अर्धवट राहिलेला बारकीचा फ्रॉक त्यानं पिशवीतून काढून वर धरला आणि झालर हलवली. कापडावरून लाट सरकत गेली.

"मंत्र कसला? मासा असा पोहतो. आणि शेपटी तोडलेला मासा जखमेनं मरतो, सभागृहामागच्या उकिरड्यावर जाऊन बघा, मी बघून आलोय. बुवा दर वेळी नवा आणतात."

"बाहेर काढा या वेड्याला!" बुवा ओरडले.

"जन्मभर झालरी शिवल्या मी, तरी मला दिसलं नाही. माझ्या पोरीला दिसलं, तर मी तिलाच गप्प केलं. तुम्ही तसं करू नका. डोळे उघडे ठेवा, प्रश्न विचारा, पोरांनी विचारले तर ऐका. आणि घरी जाऊन आधी त्यांना औषध द्या."

त्यानं खिशातून बारकीच्या गोळ्यांची बाटली काढून टाकीच्या काठावर ठेवली. ती भरलेली होती.