हुसेनबीचे तीन रिटर्न

कवठे महांकाळच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत हुसेनबी शिकलगार यांचं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको आणि जूनच्या तोंडावर शाळेचे गणवेश. नवरा लवकर गेला. ह्याच मशीनवर त्यांनी राहील आणि नूरीन ह्या दोघांना वाढवलं. राहील शेजारच्या गाळ्यात मोबाइल दुरुस्ती करतो. नूरीन लग्नानंतर फरदीनबरोबर कॅनडाला गेली, आणि दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले.

बाळंतपणाला आपण जायचं, हे हुसेनबींनी बातमी ऐकली तेव्हाच ठरवून टाकलं. सांगलीच्या एका एजंटानं व्हिसाचा अर्ज भरला. फरदीनचं पत्र जोडलं, त्याच्या पगाराचे कागद जोडले. काही आठवड्यांनी नकार आला. राहीलनं तो फोनवर वाचला.

"काय म्हणत्यात?"

"तू परत येशील अशी खात्री वाटत न्हाई त्यांना."

"मी कशाला ऱ्हाऊ तिकडं? माझं दुकान हाय हितं."

"ते त्यांना दिसत न्हाई, अम्मी."

गणवेशाचं काम देणाऱ्या शाळेतल्या एका बाईंनी श्रद्धा मगदूमचं नाव सुचवलं. श्रद्धा सांगलीत विश्रामबागेत छोट्या धंदेवाल्यांची करविषयक कामं बघायची. हुसेनबी मिरजेवरून जाणाऱ्या गाडीनं तिच्या ऑफिसात गेल्या आणि सगळे कागद तिच्यापुढं ठेवले. श्रद्धानं ते एकेक करून बघितले.

"मावशी, ह्यात तुमच्या जावयाचं सगळं आहे. तुमचं काय आहे?"

"माझं म्हंजे?"

"दुकान किती वर्षं चालवताय?"

"पोरगी पाळण्यात हुती तवापासनं."

"बँकेत पैसे कुणाच्या खात्यावर येतात?"

हुसेनबींनी सांगितलं. दुकानात लावलेला क्यूआर कोड राहीलचा. गणवेशाचा चेकही राहीलच्या नावानं. रोख आली की ती डब्यात, आणि डब्यातनं किराण्याला.

"मग कागदावर तुम्ही काहीच कमवत नाही," श्रद्धा म्हणाली. ती हे वाईट वाटेल अशा सुरात बोलली नव्हती, तरी हुसेनबींना ते लागलं. परतीच्या गाडीत त्यांच्या डोक्यात तेच वाक्य घोळत होतं.

श्रद्धानं त्यांना काय करायचं ते सोप्या शब्दांत सांगितलं होतं. धंद्यासाठी स्वतःच्या नावाचं वेगळं खातं काढा. क्यूआर त्या खात्याचा लावा. रोख आली तरी आठवड्याला बँकेत भरा, आणि घरखर्चाला लागतील तेवढे त्यातनंच काढा. उद्यमची, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी, नोंदणी करा, ती फुकट असते, तिच्यासाठी पैसे मागणाऱ्याला देऊ नका. कर बसत नसला तरी आयकराचं रिटर्न दरवर्षी मुदतीत भरायचं.

"आन् कर बसला तर?"

"तुमच्या उत्पन्नावर बसणार नाही. छोट्या धंद्याला एक सोपी पद्धत आहे. सगळी उलाढाल दाखवायची आणि त्यातला ठरावीक हिस्सा तरी नफा धरायचा. बिलांचे गठ्ठे सांभाळावे लागत नाहीत. पण तो हिस्सा कमीत कमी असतो, मावशी. तुमचा खर्च म्हणजे दोरा, अस्तर आणि लाईट बिल. निम्म्याच्या वर सुटतं तुम्हाला. जे सुटतं ते दाखवायचं."

"मग व्हिसा कवा?"

"खात्री मी देत नाही. पण दोन-तीन वर्षांची रिटर्न लागोपाठ असली, बँकेत तसंच दिसत असलं, तर तुमचं इथं काहीतरी आहे हे त्यांना पटायला सोपं जाईल."

"तीन सालं?" हुसेनबी म्हणाल्या. "पोरीला पाचवा चालू हाय, ताई."

श्रद्धानं कागद गोळा करून त्यांच्या हातात दिले.

एजंटाला हे समजल्यावर त्यानं स्वतःच फोन केला. मागच्या सालाचं रिटर्न आठवड्यात काढून देतो म्हणाला. उत्पन्न चांगलं भरघोस दाखवू, बाकीचे कागद मी बघतो, बाळंतपणाच्या आधी तुम्ही तिकडं. हुसेनबींनी त्याला नाही म्हटलं नाही. दोन दिवस त्या हो म्हणायच्याच बेतात होत्या. एक बॅगही त्यांनी माळ्यावरून खाली काढली. मग त्यांनी श्रद्धाला विचारलं.

"माझ्या हातून ते होणार नाही," श्रद्धा म्हणाली. "एवढं कमावलं म्हणून लिहिलं तर तेवढं बँकेत कुठंय, हा पहिला प्रश्न. खोटे कागद सापडले तर पुढं कितीतरी वर्षं अर्जच करता येणार नाही. लेकीला भेटायची वाटच बंद होईल. निर्णय तुमचा आहे."

हुसेनबींनी एजंटाला नको म्हणून कळवलं. त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

राहीलशी बोलणं त्याहून अवघड गेलं. तो जेवायला बसला होता.

"दुकानातला तुझा कोड काढ. मी माझं खातं काढतीय."

"का? पैसा घरातच येतोय की."

"घरात येतोय रं. माझ्या नावावर येत न्हाई."

"म्हंजे मी काय खातोय व्हय तुझा पैसा?"

"तसं कोण म्हणतंय? मला नूरीनकडं जायचं हाय."

राहील ताटावरून उठला. चार दिवस तो आईशी कामापुरतंच बोलला. पाचव्या दिवशी दुकानात येऊन त्यानं आपला कोड खरवडून काढला, तिथं नवा चिकटवला आणि पैसे आल्यावर आवाज देणारं यंत्रही मशीनशेजारी बसवलं. "आधीच मागायचं हुतंस," एवढंच म्हणाला.

नूरीन बाळंत झाली तेव्हा कवठ्यात दुपार होती. फरदीननं फोनवर मुलगी दाखवली. तिचं नाव सुमैरा ठेवलं. नूरीन उशीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले, केस तसेच. हुसेनबींना स्वतःचं बाळंतपण आठवलं, मेढ्याला, माहेरी. थंडीचे दिवस होते, आणि आईनं त्यांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं. तिकडं नूरीन तिसऱ्या दिवशी स्वतःच भात टाकत होती, फोन भिंतीला टेकवून.

"बस खाली," हुसेनबी म्हणायच्या. "कंबर धरंल."

"अम्मी, तू असतीस तर बसले असते."

त्यानंतर हुसेनबी असं काही म्हणेनाशा झाल्या.

वर्षं एकेक करून गेली. पहिलं रिटर्न भरायला त्या मुदतीच्या कितीतरी आधीच विश्रामबागेत जाऊन बसल्या. श्रद्धानं बँकेचा उतारा बघितला आणि म्हणाली, "छान ठेवलंय." आणखी एक गोष्ट तिनं बजावली. रिटर्न नुसतं भरून चालत नाही, महिन्याच्या आत त्याची पडताळणी झाली नाही तर ते भरलं नाही असंच धरतात. मग त्यांच्यासमोरच ती केली. पावतीवर हुसेनबींचं नाव होतं आणि त्याखाली धंदा, शिलाईकाम. हुसेनबींनी ते दोनदा वाचलं.

दुसरं रिटर्न भरलं तेव्हा सुमैरा चालायला लागली होती. तिसऱ्याच्या वेळी ती पाळणाघरात जात होती आणि फोनवर इंग्रजीत काहीतरी सांगून पळून जायची. हुसेनबी तिच्यासाठी फ्रॉक शिवून पाठवायच्या. ते पोहोचेपर्यंत आखूड व्हायचे.

एकदा त्यांनी श्रद्धाला विचारलं, "ताई, त्या एजंटाचं ऐकलं असतं तर मी तवाच पोचले असते का?"

"माहीत नाही, मावशी," श्रद्धा म्हणाली. "कदाचित पोचलाही असता. मीही त्याचा विचार करते कधीकधी."

हे तिनं कबूल केलं म्हणून हुसेनबींना बरं वाटलं.

पुन्हा अर्ज केला तेव्हा तीन रिटर्न, बँकेचे उतारे, उद्यमचा दाखला, शाळेच्या कामाचं पत्र असं सगळं त्यांच्या नावाचं होतं. ह्या खेपेला व्हिसा आला.

मार्चमध्ये त्या गेल्या. विमानतळावर नूरीन गळ्यात पडून रडली. सुमैरा बापाच्या पायामागं उभी राहिली. हुसेनबींनी तिला बोलावलं नाही. दहा-बारा दिवस ती लांबूनच बघत होती. मग एका सकाळी येऊन तिनं त्यांच्या बांगड्या मोजल्या आणि शेजारी बसून राहिली.

नूरीनशी जमायला जास्त वेळ लागला. भांडण असं झालं नाही. ती कामावरून यायची, स्वतःच सगळं आवरायची, आणि हुसेनबी काही करायला गेल्या की म्हणायची, "राहू दे अम्मी, मला सवय आहे." समोर लेक बसलेली असायची आणि हुसेनबींना तिची आठवण यायची.

एका रविवारी भाजी निवडताना नूरीनच म्हणाली, "मला तुझा राग आला होता. राहीलनं सांगितलं होतं एजंटाचं. मला वाटलं, माझ्यासाठी एवढंसं खोटं बोलली नाहीस."

"बोलले असते," हुसेनबी म्हणाल्या. "बॅगसुद्धा काढली हुती. मग वाटलं, सापडलं तर पुन्ना कवाच तोंड दिसायचं न्हाई तुझं. त्याला भ्याले."

नूरीननं भाजी बाजूला ठेवली. बराच वेळ ती आईच्या खांद्याला टेकून होती. सुमैरा आली आणि दोघींच्या मधे घुसून बसली.

मे महिन्यात निघायची वेळ आली. अजून तीन महिने राहता येईल, असं फरदीननं पुन्हापुन्हा सांगितलं. हुसेनबींना राहायचं होतं. पण शाळेच्या गणवेशांचं कापड येऊन पडलं होतं आणि राहीलनं कधी येतेस म्हणून दोनदा विचारलं होतं. त्या आल्या. पंधरा दिवस मशीनवरून मान वर काढायला सवड मिळाली नाही, ते बरंच झालं.

जुलैत त्या विश्रामबागेला गेल्या. श्रद्धानं आकडे भरले.

"मावशी, व्हिसाचं काम झालंय. तुमचं उत्पन्न मर्यादेच्या आत आहे. ह्या वर्षी नाही भरलंत तरी चालेल."

"भरा. मला पुन्ना जायचं हाय."

"कशी आहे नूरीन?"

"चांगली हाय. आता रोज फोन करती." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "आधी निस्ती आठवण यायची, ताई. आता घर बघून आले न्हवं. कोण कुठल्या खुर्चीवर बसलं आसंल, ते पन दिसतंय."

श्रद्धानं पडताळणीचं बटण दाबलं. "तुमच्या फोनवर ओटीपी येईल, तेवढा सांगा."

फोन वाजला, पण तो ओटीपीचा नव्हता. पडद्यावर सुमैरा होती, दात घासण्याचा ब्रश तोंडात, आणि "नानी, नानी" करत काहीतरी दाखवत होती. हुसेनबी फोन घेऊन बाहेर जिन्यात गेल्या. दाराआडून त्यांचा आवाज येत होता, मधेच मराठी, मधेच शिकून आलेले दोन-चार इंग्रजी शब्द.

ओटीपीची मुदत संपली. श्रद्धानं तो पुन्हा मागवला नाही. हात मांडीवर ठेवून ती त्यांची वाट बघत बसली.